मूळ अर्ज

ही गोष्ट २०२३ सालची. माझी नात पायल तेव्हा नागपुरात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. मी स्वतः १९७६ साली संध्याकाळच्या वर्गातून लॉ केलं आणि पुढे एका लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं काढली. आमच्या वेळी प्रोजेक्ट नव्हते. सर आम्हाला कोर्टात मागच्या बाकावर बसवत आणि पक्षकाराचा कागद हातात घेण्याआधी हात पुसायला लावत.

मार्चमध्ये पायलने विधी साहाय्य शिबिराची फाईल माझ्यापुढे ठेवली.

"पाह्य न वं आजी. वीसपैकी एकोणीस."

चकचकीत कव्हर, रंगीत फोटो. उमरेडजवळच्या गावात तिने यमुताई नावाच्या बाईचं अपील लिहून दिलं होतं. यमुताई एका खासगी शाळेत शिपाई. अठरा वर्षांनी तिला एका चिठ्ठीवर घरी बसवलं होतं. अपील चांगलं लिहिलं होतं. खाली यमुताईची सही. मी पान बोटांनी चाचपलं. शाई खरी होती, मागे फेविकॉल.

"ही झेरॉक्स नाही."

"ओरिजिनल लावलं. सर म्हणे, ओरिजिनल असलं की मार्क वाढतात."

"मग दाखल काय केलं?"

ती मोबाइल पाहत होती. "दाखल करणं सिलॅबसमध्ये नाही वं."

कामावरून काढल्यापासून अपिलाला तीस दिवस मिळतात. त्यातले सव्वीस शिबिराच्या दिवशीच संपलेले. मी तारखा मोजल्या, मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. फाईलच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'समस्येचे निराकरण झाले.'

दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून यमुताईकडे नेलं. यमुताईने लगबगीने चहा ठेवला.

"मॅडम, तारीख कवा लागते? मी रोज वाट पाहून राहिली."

पायल माझ्याकडे पाहू लागली. अपील मार्कांच्या फाईलमध्येच राहिलं, हे मीच सांगितलं. यमुताईने चहा गाळून कप आमच्यापुढे ठेवले. मग म्हणाली, "माह्या सहीचे मार्क भेटले म्हणा पोरीले."

उशीर माफ होऊ शकतो, पण कारण द्यावं लागतं. पायलने शपथपत्रावर लिहून द्यायचं होतं की 'अपील माझ्याकडे राहिलं.' आम्ही तिच्या सरांकडे गेलो. त्यांनी फाईल घेतली आणि खणात टाकली.

"काकू, काहून पोरीचं करिअर खराब करता? उद्या वकिलीची सनद अडकली तर?"

"आणि त्या बाईची नोकरी?"

"शिबिर शिकण्यासाठी असते, काकू."

बाहेर आल्यावर पायल म्हणाली, "आजी, मी नाही देत." माझ्या मुलाने, तिच्या बापानेही, तिचीच बाजू घेतली. त्या घरात मीच वेडी ठरले.

मी नवं अपील लिहून यमुताईची सही घेतली, ते दाखल केलं आणि सोबत माझं शपथपत्र दिलं. ते ऐकीव ठरलं. यमुताईच्या एकटीच्या म्हणण्यावर उशीर माफ झाला नाही आणि अपील फेटाळलं गेलं.

यमुताई आता बुटीबोरीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासते. सर विभागप्रमुख झाले. ती फाईल ते दरवर्षी नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात. पायल वकिली करते. नोकरीवरून काढलेल्यांच्या केसेस घेते, असं तिच्या कार्डावर छापलं आहे. मी त्याच घरात राहते. पहिल्या फीमधून तिने माझ्यासाठी साडी आणली. तिची घडी मी अजून मोडलेली नाही.