मार खाणारं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं, बुटकं लाकडी स्टूल आहे. न केलेल्या गुन्ह्यांसाठी मी जितका मार खाल्ला, तितका क्वचितच कुणी खाल्ला असेल.

मला घडवताना सुतार आपल्या भावाला म्हणाला होता, "आधी लाकडाची रेषा बघ, मग रंधा मार. उलटा मारलास तर टवके उडतील." रेषा लाकडाच्या जन्मापासूनची असते; ते गुळगुळीत होणं मात्र घडवणाऱ्याच्या हातावर असतं.

या घरात माझं काम एकच: लहानांना बेसिनपर्यंत पोचवणं. आताचा बाबा लहानपणी माझ्यावरून पडला होता. आधी हनुवटी थरथरली, मग त्याने भोकाड पसरलं. त्याची आई, म्हणजे आताची आजी, धावत आली आणि तिने मलाच फटका दिला. "हात् मेल्या स्टुला! माझ्या सोन्याला पाडतोस?" सोन्या हसला, पण पुन्हा कधी माझ्यावर चढला नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली.

पुढे त्याच्या मुलांसाठी मला खाली काढलं. दादा पडला की चड्डी झटकून परत चढायचा. धाकटी चिमी पडली, तेव्हा मात्र हनुवटी थरथरली. अगदी तीच हनुवटी!

"बापावर गेलीय," म्हणत आजीने मला दोन ठेवून दिल्या. "टाक रे हे माळ्यावर. दादा धुवून देईल तिचे हात."

"माझे मीच धुणार!" चिमी हुंदके देत ओरडली.

मला उचलायला वाकलेला बाबा तिथेच फरशीवर बसला. त्याने तिला कुशीत घेतलं. "लागलं ना? मलाही असंच रडू यायचं." रडू ओसरल्यावर त्याने माझा पाय धरला. "मी इथेच आहे. तुला वाटेल तेव्हा चढ."

त्या दिवशी तिने एकच पाय टेकवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही.

"फार लाड चाललेत," आजी पुटपुटली.

"लाड कसले, आई? मी नुसता बसलोय."

हळूहळू त्याने माझा पाय सोडला. मग तो दारात उभा राहू लागला.

एका सकाळी चिमी पुन्हा घसरली. हनुवटी थरथरली. आजीने सवयीने माझ्यावर हात उगारला.

"आजी, त्याला नको ना मारू!" चिमी रडत रडतच म्हणाली. "माझाच पाय ओला होता."

तिने नाक ओढलं, पाय पुसले आणि ती चढली. वर नळ वाहू लागला. आजीचा हात खाली आला, आणि तिने फडक्याने माझ्यावरचं पाणी टिपलं.

मित्रांनो, चिमीची हनुवटी अजूनही थरथरते. ती तिची रेषा आहे. तुमच्या घरी असं कुणी पडलं तर माझ्यासारख्या स्टुलाला मारू नका, माळ्यावरही टाकू नका. जरा शेजारी बसा.