बी कुणाला आली?

मी दगडी खल बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय. दोन महिने गप्प बसून माझं डोकं फिरलंय.

पाथरवटाने मला छिन्नीने कोरलं आणि आईने बाजारातून थेट कडेवर घेऊन घरी आणलं. तेव्हापासून या घरातलं हमस, म्हणजे चण्यांचं ते अरबी वाटण, माझ्याच पोटात झालं. काबुली चणे रात्रभर भिजायचे, सकाळी मऊ शिजायचे. मग आई एकेका चण्याचं साल काढत बसायची. "सालासकट चरबरीत लागतं," म्हणायची. त्यावर लसूण, मीठ, भाजलेले तीळ आणि बत्त्याचे घाव. मी कधी हूं की चूं केलं नाही.

लिंबू ती मुठीतच पिळायची, त्यामुळे एखादी बी हटकून आत पडायची. ज्याच्या घासात बी येईल त्याने भांडी घासायची, हा या घरचा कायदा. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, बी गुपचूप गिळायला बघायची आणि आई तिला सगळ्यांदेखत आ करायला लावायची.

मग आई जिन्यावरून घसरली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि रविवारी मावशीकडचे सगळे जेवायला येणार होते. लेकीने दुकानातून हमसचे तीन डबे आणले. त्यावर माझा राग नाही. हात मोडल्यावर माणसाने करायचं काय? डबाही बिचारा प्रामाणिक, आत काय आहे ते अंगावर छापून फिरतो. पण या बयेने तिन्ही डबे माझ्यात ओतले, चमच्याने वर नक्षी काढली, तेल सोडलं आणि रिकामे डबे कचऱ्यात खोल दडवले.

"हे काय करतेस?" आईने विचारलं.

"कुणाला कळतंय, आई? तुझंच नाव होईल."

कुणाला कळतंय! वीस वर्षं सालं काढणाऱ्या बाईला हे तोंडावर सांगायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवताना मावशी म्हणाली, "ताई, आज अगदी लोण्यासारखं झालंय गं! हात मोडून तुझा हात सुधारला की!"

सगळे हसले. लेकही हसली. आई नुसतं पाणी प्यायली.

माझा तळ चाटूनपुसून खाल्ल्यावर मावशीने सगळ्यांकडे पाहिलं. "बी कुणाला आली? कुणालाच नाही?"

"मी लिंबू गाळून घेतलं होतं, मावशी," लेक म्हणाली.

आईने प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "भांडी आज तू घास," ती लेकीला म्हणाली. "कचऱ्यातले तीन डबेही धुऊन ठेव. मावशीला कृती हवी असेल तर त्यांच्यावर छापलेली आहे."

प्लास्टर निघून महिना झाला. आता डब्यातलं डब्यातूनच खातात, तेवढी लाज उरली आहे. माझ्यात चाव्या टाकतात. आईच्या मनगटाला बत्ता पेलत नाही आणि "लसूण किती घालायचा?" एवढं विचारायला लेकीची जीभ उचलत नाही.

अगं, तुझे हात धडधाकट आहेत ना? मग उचल त्या चाव्या आणि भिजव चणे. आईला नुसती शेजारी बसव. लिंबू ती डाव्या हाताने पिळेल. बी पडेलच, आणि ती तुझ्याच घासात येवो.