पूजेतली स्टिक

दसऱ्याच्या सकाळी हिंदी मुलखातल्या थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरात पाटावर दोन शस्त्रं मांडलेली असत: पणजोबांची तलवार आणि जयसिंहरावांची, म्हणजे आबांची, हॉकी स्टिक. तलवार तीन पिढ्यांत कुणी उपसली नव्हती. स्टिकची मात्र गोष्ट होती, आणि ती दरवर्षी पूजेनंतर सांगितली जाई. फायनल, सुजलेला गुडघा, वर करकचून बांधलेलं फडकं, तरी आबा शेवटपर्यंत मैदानात! ऐकणारे टाळ्या वाजवत. निकाल काय लागला, हे कधी कुणी विचारलं नाही. शौर्य म्हटलं की लोक अक्कल गहाण टाकतात.

यंदा सोळा वर्षांच्या हर्षितानं, जयसिंहरावांच्या नातीनं, आपलीही स्टिक पाटावर ठेवली. नमस्काराला वाकली, पण उजवी टाच तिनं जमिनीला टेकवली नाही. चाळीस वर्षं लंगडणाऱ्या जयसिंहरावांना ते चटकन दिसलं.

"मोजा काढ."

"कुछ नहीं आबा, थोडा मुरगळलाय बस."

"काढ म्हटलं ना!"

घोटा टम्म सुजलेला, वर तेलाची चमक. काल प्रॅक्टिसला उशिरा पोचली म्हणून अंग न तापवताच ती खेळायला उतरली होती. वळताना पाय दुमडला. घरी येऊन गुपचूप गरम तेलानं खसाखसा रगडला, तर सूज दुप्पट.

"ताज्या मुरगळीवर गरम तेल? कुण्या गाढवानं शिकवलं?"

"तुम्हीच."

जयसिंहरावांनी तेल पुसायला तिच्याकडे फडकं टाकलं.

"परवा टीम निवडायची ट्रायल आहे आबा. पट्टी बांधून खेळेन. चुकली तर सीधा अगले साल. तुम्ही नव्हतात खेळलात?"

आरतीचं ताट घेऊन मंदाताई, हर्षिताची आजी, दारात थांबल्या. जयसिंहराव भिंतीला धरून खाली बसले. डावा पाय नेहमीसारखा काठीगत सरळ.

"ती फायनल आम्ही हरलो, हर्षू. शेवटी चेंडू माझ्या बाजूनं गेला. वळायला गेलो, गुडघा वळलाच नाही. गोल झाला. बाहेर राखीव म्हणून लक्ष्मीकांत बसला होता, दोन्ही गुडघे धड असलेला. मीच त्याला उतरू दिलं नाही. डोंबलाची मर्दानगी!"

"हे मला कधी सांगितलं नाहीत," मंदाताई म्हणाल्या.

"टाळ्या कोण सोडतं?"

हर्षिता त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिली. "बहुत दुखता था?"

"अजून दुखतो."

त्यांनी बर्फ मागवला, फडक्यात गुंडाळला. तिचा पाय उशीवर उंच ठेवून घोट्यावर धरला. थोडा वेळ धरायचा, काढायचा, पुन्हा धरायचा. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बर्फामुळे नव्हे, हे त्यांना कळत होतं. त्यांनी दुसऱ्या हातानं तिची बोटं धरून ठेवली.

"दुपारी फोटो काढून येऊ हाडाचा. कोचला मी सांगू?"

"नाही. मैं ही बोलती हूँ." तिनं नाक पुसलं, फोन लावला. "सर, पैर सूजा है। परसों नहीं खेलूँगी।" पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. ती दोनदा "नहीं सर" म्हणाली आणि फोन ठेवला.

आरतीची वेळ झाली. जयसिंहरावांना उठता येईना. हर्षिता एका पायावर उभी राहून त्यांना ओढू लागली, तेव्हा मंदाताईंनी ताट खाली ठेवलं.

"बसा दोघं लंगडे जिथल्या तिथं. आज देव येतील तुमच्याकडे."

त्यांनी पाटच ओढून दोघांसमोर आणला.