डाव्या पानावरचे प्रश्न

मी एक जर्नल बोलतोय. आयटीआयमधल्या प्रात्यक्षिकांचं जर्नल. उजवं पान आखलेलं, डावं कोरं, वर तपकिरी पुठ्ठा. अकोल्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. कटाई होऊन बाहेर पडलो तेव्हा आम्ही चारशे भावंडं होतो, सगळी सारखी.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका दुकानातून मला वर्षालीनं घेतलं. बाहेर क्लास सुटलेला, गाड्यांचे हॉर्न वाजताहेत, दुकानदार घाईत. आणि ही पोरगी शांतपणे माझं एकेक पान उलटून बघतेय, मध्ये कुठे चिकटलेलं तर नाही ना!

वर्षाली अचलपूरजवळची. वडील किसनराव वांगी-मेथी पिकवतात, आई तानुबाई बाजारात भाजी घेऊन बसते. ही रोज एसटीनं अमरावतीला येऊन इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकत होती. हात असा की बंद पंखा तिच्यापुढे फार वेळ बंद राहत नसे. लिहायला बसली की मात्र पेन जागच्या जागी थांबायचं.

तसं पाहिलं तर जर्नलात कोणी लिहितच नाही. उतरवतात. मागच्या बॅचच्या मनोजचं जर्नल वर्गात फिरत होतं. चोवीस जणांनी ते रांगेनं उतरवलं, वर्षालीनंही. मला त्याचा भारी कंटाळा यायचा. शाई नवी, शब्द शिळे!

मग जुईली मॅडम नव्यानं रुजू झाल्या आणि जर्नलं तपासायला बसल्या. सहाव्या प्रयोगाशी थबकल्या. दुसरं जर्नल उघडलं, तिसरं उघडलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"काय रे, सहाव्या प्रयोगाला अख्खी बॅच आजारी होती का?"

झालं होतं असं, की मनोजनं त्या पानावर लिहिलं होतं, 'आजारी असल्यामुळे हा प्रयोग करता आला नाही.' चोवीसही जणांनी ती ओळ सुवाच्य अक्षरात उतरवली होती. दोघांनी तर खाली पट्टीनं रेघ मारली होती.

वर्ग खो-खो हसला. मॅडमचं हसू मात्र विरलं. "लिहिताना हे कोणी वाचलं होतं?" त्यांनी विचारलं. एकही हात वर गेला नाही.

त्याच आठवड्यात वरून एक तक्ता आला. विद्यार्थ्यांच्या वाचन-लेखनाचं उद्दिष्ट काय, आणि ते मोजणार कसं, एवढंच त्यात भरायचं होतं. शेजारच्या टेबलावर उत्तमराव सर बसत. पंचवीस वर्षांची नोकरी, वायरिंगमध्ये वाघ.

"लिवा ना मॅडम, ऐंशी टक्के," ते म्हणाले. "दरवर्षी तेच लिवतो आमी."

"कशाचे ऐंशी टक्के, सर?"

"आता त्याले कोण विचारते?"

मॅडमनी तक्ता कोरा ठेवला. टक्के लिहून मोकळं होणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे, म्हणून त्या कोऱ्या तक्त्यावर मी तेव्हाच खूष झालो. जे मोजलंच नाही ते लिहायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला एकच काम दिलं. तीन पिनांच्या प्लगला वायर कशी जोडायची, ते आपल्या शब्दांत लिहा. मग शिवणकामाच्या ट्रेडमधून करिश्माला बोलावलं. तिनं उभ्या आयुष्यात प्लग उघडला नव्हता. तिच्यापुढे सुटा प्लग, वायर, स्क्रू ड्रायव्हर आणि मी. ती मला वाचून प्लग जोडणार आणि जिथे अडेल तिथे विचारणार. प्रत्येक प्रश्न माझ्या डाव्या पानावर.

वर्षालीनं लिहिलं होतं, 'वायर सोलून स्क्रूमध्ये घट्ट बसवावी.' संपलं.

"किती सोलू व?" करिश्मानं विचारलं. "कांदा हाय का हा?"

वर्ग हसला.

"आणि कोणत्या स्क्रूत? इथं त तीन हायेत."

वर्षाली सांगायला पुढे झाली. मॅडमनी तिला हातानं थांबवलं. "तू नाही बोलायचं. तुझं पान बोलेल."

माझं पान काही बोललं नाही. मला तेव्हा इतकं ओशाळल्यासारखं झालं! प्रश्न पडत गेले, मॅडम लिहीत गेल्या. सतरा झाले.

"मले सगळं येते मॅडम," वर्षाली रडवेली होऊन म्हणाली. "पण लिवता येत नाही."

"येईल. फेब्रुवारीपर्यंत किती प्रश्नांवर यायचं, तूच ठरव."

"शून्यावर."

"शून्य कोणालाच जमत नाही, मलाही नाही. तीन लिही, आणि तीनवर ये."

मॅडमनी तक्त्यात वर्षालीच्या नावापुढे तेच भरलं. उद्दिष्ट : नवख्या माणसाला पडणारे प्रश्न सतरावरून तीनवर. इतका खरा तक्ता मी आजवर पाहिलेला नाही.

वर्षालीला घाई होती, कारण मार्चमध्ये नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्याला देखभाल विभागात एक शिकाऊ उमेदवार हवा होता. एकच जागा. हाताची परीक्षा तर होतीच, शिवाय पाळी बदलताना पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतात तसं एक पान लिहायचं होतं. किसनरावांनी एकदा बसस्टँडवर तिला स्पष्टच सांगितलं, मी तेव्हा तिच्या पिशवीत होतो.

"पाय पोरी, या खेपेले लागली त लागली. नाही त भाजी घेऊन तू बस. तुया मायचे गुडघे आता बाजारात बसू देत नाहीत."

एसटीत बसल्यावर तिनं मला मांडीवर घेतलं आणि प्लगचं पान चौथ्यांदा लिहायला काढलं.

दर वेळी वाचायला शिवणकामाची नवी मुलगी यायची. सतराचे अकरा झाले. अकराचे आठ. मग पंपाच्या स्टार्टरचं काम आलं आणि आकडा एकदम बारावर गेला. उत्तमरावांना आनंदच झाला.

"पायलं मॅडम? वाढले! पोट्टे हातानं शिकतात, पेनानं नाही."

"काम अवघड झालं सर, म्हणून प्रश्न वाढले. तुम्हीच लिहून बघा ना स्टार्टरचं एक पान."

सरांनी लिहिलं, माझ्याच शेवटाकडच्या पानावर, दहा मिनिटांत, ऐटीत. करिश्मा वाचायला बसली आणि तिनं नऊ प्रश्न काढले.

"नऊ?" सर म्हणाले. "पंचवीस वर्षं शिकवून राहिलो मी!"

"म्हणून त नऊ, सर," करिश्मा म्हणाली. "नाही त बारा असते."

माणसं अशा वेळी रागावतात, हे मी ऐकून होतो. पण उत्तमराव दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी आले आणि ते पान पुन्हा लिहू लागले. खोडत होते, पुटपुटत होते, 'आधी मेन स्विच बंद करा' ही ओळ सगळ्यात वर नेत होते. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांचं स्थान मॅडमइतकंच उंच आहे.

फेब्रुवारीत वर्षालीचा आकडा आला चार.

"एकानं काय होते मॅडम?" सर हळूच म्हणाले. "तीन लिवा. पोरीनं लय मेहनत केली."

"एक प्रश्न म्हणजे एक माणूस यंत्रापाशी अडकून उभा, सर." मॅडमनी चारच लिहिले. वर्षालीनं मान हलवली. तिला पटलं होतं.

परीक्षेला सहाच जण होते, सगळे आमचेच. प्रत्येकापुढे एक बंद पडलेला स्टार्टर, वीज तोडलेली, वेळ अर्धा तास. वर्षालीनं झाकण काढलं, काळवंडलेला स्क्रू शोधला, साफ करून घट्ट केला. शेजारचे दोन स्क्रू पाहायचे राहिले आणि कारखान्याच्या फोरमननं वेळ संपल्याचं सांगितलं. आता लिहायचं. कागद आपापला. तिनं माझं शेवटचं कोरं पान फाडलं. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

तिनं लिहिलं, 'मधला स्क्रू घट्ट केला. बाजूचे दोन पाहायचे राहिले आहेत.'

शेजारी बसलेला तिच्याच बॅचचा स्वप्निल कुजबुजला, "येडी हायेस का? सगळं तपासलं म्हणून लिव ना. कोण पायते?"

तिचं पेन थांबलं. जागा एकच होती, आणि अपुरं राहिलेलं काम स्वतःच्या अक्षरात कबूल करायचं होतं. तिनं त्या ओळीतलं एक अक्षरही खोडलं नाही, आणि तापल्यावर वीज तोडणारा रिले पडला तर स्टार्टर पुन्हा कसा चालू करायचा, तेही खाली लिहिलं.

फोरमन एकेक पान घेऊन त्या त्या स्टार्टरपाशी जात होता. शेवटी वर्षालीचं पान वाचून त्यानं बाजूचे स्क्रू पाहिले. त्यातला एक हातानं फिरत होता. तो पुढे वाचत राहिला, वाचत राहिला, आणि मग मागे वळला.

"रिले थंड झाल्यावर बटण दाबा, असं लिवलं. थंड झाला हे मले कसं समजन?"

तिनं तोंडी उत्तर दिलं नाही. हात पुढे करून पान मागितलं, त्या ओळीखाली लिहिलं, 'घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा', आणि परत दिलं. फोरमननं ते पान सगळ्यांच्या वर ठेवलं.

"बाकी पाच पानांवर 'सगळं ओके' हाय," तो म्हणाला. "पुढच्या पाळीचा माणूस त्याच्यावर भरोसा ठेवून हात घालते. तू सोमवारी सातले गेटवर ये. डबा आणजो."

आज मी त्या कारखान्यात वर्षालीच्या लॉकरमध्ये आहे. पुठ्ठ्यावर तेलाचे डाग पडलेत, शिवण उसवलीय. माझ्यात लिहायला आता जागा नाही, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

तुमच्या हाताखाली कोणी शिकत असेल, तर त्याच्या अक्षराला गुण देऊन थांबू नका. त्यानं लिहिलेलं पान अशा माणसाच्या हातात द्या, ज्याला त्यातलं काही म्हणजे काही येत नाही. मग गप्प उभे राहा आणि मोजा. मोजायला लाजू नका, आणि आकडा वाढला म्हणून घाबरू नका.

माझं फाडलेलं पान फोरमननं त्या स्टार्टरच्या झाकणाच्या आतून चिकटवलंय. परवा त्याच्याखाली दुसऱ्या पाळीच्या कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, 'दहा मिनिटांनी पण गरम असला तर?' वर्षालीनं डबा बाजूला ठेवला, ओळ दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला पेन काढलं. ते थांबलं नाही.