तीन तांबे पाणी

चिखलीच्या खानावळीपुढे जीप थांबताच सत्यभामाबाईंनी नाकावरचा पदर बाजूला केला. बुलढाण्यापासून धुळीमुळे त्यांनी तो घट्ट दाबून धरला होता. इतर माळकरी बायका मटणाच्या वासाला नाक झाकतात. सत्यभामाबाई नेमकं तिथंच उघडत. त्यांनी मान किंचित वर केली, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला.

"बकरा म्हातारा हाय," त्या म्हणाल्या. "खोबरंही करपलं. नारायण, उतर अन् खाऊन ये."

नारायणराव नव्या जिल्हा परिषदेत रस्त्यांचे ओव्हरशियर होते. चाळीस मजूर त्यांच्या शब्दावर फावडं उचलत आणि ठेवत. वय सेहेचाळीस. पण आईसमोर त्यांची पाठ अजून चौथीतल्या मुलासारखी ताठ होई.

"माय, बकरा म्हातारा हाय, खोबरं करपलं, मंग मी खाऊ कायले?"

"निकाल देला तरी साक्ष लागते. जाय."

पंधरा मिनिटांनी नारायणराव मिशा पुसत परतले.

"कसं हाय?"

"चांगलं हाय, माय."

"चांगलं तं हवापाणीही राह्यते. मटन कसं हाय?"

नारायणरावांनी आभाळाकडे पाहिलं, मग ड्रायव्हर फारुखकडे, मग स्वतःच्या बोटांकडे. "म्हंजे... चांगलंच हाय."

सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला. देवानं नाक आईला दिलं, जीभ मुलाला दिली, आणि शब्द द्यायची वेळ आली तेव्हा बहुधा त्याचा डोळा लागला असावा.

ही सारी धावपळ एका शब्दापायी चालली होती. नात वच्छलाचं साक्षगंध झालं, आणि दुसऱ्या दिवशी होणारे व्याही, वरवट बकालचे भगवंतराव, मटणाच्या जेवणाला थांबले. सत्यभामाबाईंच्या घरच्या मटणासाठी एके काळी मामलेदार वाट वाकडी करून येत असा लौकिक. भगवंतराव जेवले. जेवताना तीन तांबे पाणी प्यायले. रश्श्याला झणका असल्याची ती पावतीच, असं मानून सत्यभामाबाई दाराआडून प्रत्येक तांबा मोठ्या समाधानानं मोजत होत्या. व्याही हात धूत असताना बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "जेवण कसं झालं?"

"बरं होतं," भगवंतराव म्हणाले. आणि पान खाता खाता सहज पुढे बोलले, "मटन खावं तं आमच्या वरवटले, बाई."

ते "बरं" सत्यभामाबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. त्याच संध्याकाळी त्यांनी साऱ्या घरासमोर शब्द दिला: लग्नानंतरच्या व्याहीभोजनाला या जिल्ह्यात सापडेल तो उत्तम हात बोलावला जाईल. तो हात आपल्याहून सरस निघाला, तर पळी त्याच्या हातात देऊन आपण चूल सोडू. कायमची. सून रुख्मिणी त्या वेळी भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर परातीवरच राहिला.

चूल सोडणं ही साधी गोष्ट नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मालक गेले, त्या वर्षी सत्यभामाबाईंनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटण सोडलं. खाणं सोडलं, सत्ता सोडली नाही. परसात, निंबाखाली वेगळी चूल मांडली. आपण चार हातांवर पाट टाकून बसायचं, रुख्मिणीनं शिजवायचं. मटणाला स्पर्श नाही, पण मसाला आपल्या हातचा आणि मीठही आपल्याच मुठीनं, लांबून, नेम धरून. शिजलं की नाही हे वासावर सांगायचं. आणि पहिलं ताट वाढून होईपर्यंत घरात कुणी बोट बुडवून चाखायचं नाही. उष्टं अन्न पाहुण्याला वाढणं त्यांच्या सासूच्या काळापासून त्या घराला ठाऊक नव्हतं.

लग्नाला आठ दिवस उरले होते. फारुखची भाड्याची जीप दोन दिवसांसाठी ठरली. रस्त्यांच्या कामावर नारायणराव एरवीही हीच जीप नेत.

चिखलीहून ते देऊळगाव राजाला गेले. तिथली वजडी आणि बाजरीची भाकरी नावाजलेली. गावात शिरताच फारुखनं कुणाला न विचारता दोन बोळ घेतले आणि एका पत्र्याच्या खानावळीपुढे गाडी उभी केली. बैल आपल्या दावणीशी थांबतो तशी ती थांबली.

"तुले कसं माहीत, इथंच हाय म्हणून?"

"अंदाज, आजी," फारुख म्हणाला आणि उतरून टायर तपासू लागला.

नारायणराव बाकावर टेकतात न टेकतात तोच मालकानं त्यांच्यापुढे वाटी आणून ठेवली. वर आडवी नळीचं हाड. सत्यभामाबाई जीपमधून पाहत होत्या. लहानपणापासून नारायण नळीशिवाय जेवत नसे. पण हे देऊळगावच्या मालकाला कुणी सांगितलं? नारायणरावांनी त्याला डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. मालकानं घाईघाईनं विचारलं, "काय घेनार, साहेब?" वाटी पुढ्यात ठेवल्यानंतर.

"वजडी बराबर धुतली हाय," सत्यभामाबाईंनी निकाल दिला, "पण लसणाचा वास येऊन राह्यला. झाकायले टाकला असन काही." वाटीचा विषय त्यांनी काढला नाही. पदराच्या टोकाला मात्र एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून, पूर्णा ओलांडून ते वरवट बकालला पोचले. व्याह्यांनी वाखाणलेल्या खानावळीसमोर सत्यभामाबाईंनी दोनदा श्वास घेतला, खात्रीसाठी तिसऱ्यांदा घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या दोन दिवसांत नव्हतं असं तेज आलं.

"मसाला कच्चा हाय. हे व्याह्याचं वरवट!" मग थोडं थांबून, न्यायबुद्धीला जागून त्या म्हणाल्या, "पण बकरा अव्वल. सातपुड्याचा पाला खाल्लेला हाय. नारायण, बकरा इथूनच न्यायचा."

त्यामुळे परतीच्या वाटेवर जीपमध्ये चौथा प्रवासी आला. सत्यभामाबाईंनी त्याच्याकडे पाठ केली. त्यानं त्यांची घोंगडी चघळायला घेतली.

मोताळ्यापाशी फारुखनं गाडी धामणगाव बढ्याकडे वळवली.

"बुलढाणा सरळ हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

फारुखनं नारायणरावांकडे पाहिलं. नारायणराव बकऱ्याकडे पाहत होते.

"आजी, इकडे एक खानावळ राह्यली," फारुख म्हणाला. "अमीरबीची. ती सोडली तं तपास अधुरा राह्यते."

अमीरबीची खानावळ म्हणजे कुडाची एक खोली आणि मागे चूल. जीप अजून चाळीस हातांवर होती तेव्हाच सत्यभामाबाईंनी पदर काढला. श्वास घेतला. बकऱ्यानं घोंगडी ओढली तरी त्यांना कळलं नाही. पुन्हा घेतला. नारायणराव निकालाची वाट पाहत उभे राहिले.

"माय?"

 सत्यभामाबाईंनी पायात वहाणा सरकवल्या आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या जीपमधून उतरल्या. खानावळीला वळसा घालून थेट चुलीपाशी गेल्या.

चुलीशी साठीची, अंगानं भरलेली बाई बसली होती. तिनं वर पाहिलं, गळ्यातली माळ पाहिली आणि पाट पुढे सरकवला. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर येणार नाही असा. सत्यभामाबाईंनी तो उचलून वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवला आणि त्यावर बसल्या. अमीरबीच्या भुवया वर गेल्या.

"मसाला दाखव."

अमीरबीनं डबा उघडला. सत्यभामाबाईंनी चिमूट घेतली, तळव्यावर चोळली, हुंगली. खोबरं, खसखस, दगडफूल, धने, भाजणीही तीच.

"हा तं माह्याच घरचा मसाला हाय!"

"मसाला साऱ्या वऱ्हाडात एकच हाय, बाई. तुमची आजी अन् माही नानी एकाच बाजारात जात असन."

"मंग फरक कायचा हाय?"

अमीरबीला कामात प्रश्न ऐकायची सवय नव्हती. तिनं पळीनं थोडा रस्सा तळहातावर घेतला, जिभेवर टेकवला, क्षणभर शेजारच्या भिंतीकडे पाहिलं आणि चिमूटभर मीठ टाकलं. पुन्हा चाखलं. मग हात धुतला.

"घडोघडी चाखतेस?"

"चाखल्याबिगर कसं कळन? तुमच्या घरी कोण चाखते?"

"कोणी नाही. पह्यलं ताट वाढल्याबिगर आमच्यात उष्टं करत नाहीत." माळेला हात लावत त्या म्हणाल्या, "अन् मी तं खातच नाही. वासावर करतो मी. अकरा वर्षं झाले."

"मीठही?"

"मीठही."

अमीरबी हसली नाही. तिनं पळी भांड्याच्या काठावर आडवी ठेवली आणि एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं, पण आदरानं म्हणाली, "बाई, मिठाले वास कुठं राह्यते?"

चुलीतलं लाकूड तडकलं. सत्यभामाबाईंचं नाक, ज्यानं दोन दिवसांत तीन गावांचे निकाल दिले होते, ते स्वस्थ राहिलं.

"तुम्हाले सांगू?" अमीरबी पुढे बोलत राहिली. "बाहेर ते ओव्हरशियर साहेब उभे हायत ना, आज का अनोळखी बनून राह्यले देव जाणे. दर बुधवारी येतात. दहा वर्षं झाले. म्हणतात, अमीरबी, माह्या मायच्या हातचं मटन असंच राहे. आता नाही होत, म्हणतात. पण बोलायची हिंमत कोणाची?" ती थांबली. "ते तुमचे कोण?"

"पोरगा."

अमीरबीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मी काही बोलली नाही," ती म्हणाली.

"मी काही ऐकलं नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

घाट चढेपर्यंत जीपमध्ये फक्त बकरा बोलत होता. वरच्या वळणावर सत्यभामाबाईंनी विचारलं, "नारायण, साक्षगंधाच्या जेवणाले व्याही पाणी कितीक पेले?"

"तीन तांबे, माय."

"तिखटानं?"

समोर रस्ता थेट मोकळा होता, तरी फारुखनं हॉर्न वाजवला. नारायणरावांनी बाहेरच्या दगडांकडे असं निरखून पाहिलं, जणू सगळी खडी त्यांनाच मोजून घ्यायची होती.

"बरं," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पदर नाकावर ओढला.

लग्न लागलं. व्याहीभोजनाच्या सकाळपर्यंत बाहेरचा कुणी स्वयंपाकी आला नाही, आणि विचारण्याची कुणाची छाती झाली नाही. निंबाखाली चूल पेटली. सत्यभामाबाई पाटावर बसल्या. मसाला त्यांनी दिला. रश्श्याला उकळी आली तेव्हा त्यांनी मिठाच्या बरणीत हात घातला, नेहमीची मूठ भरली आणि नेम धरला. रुख्मिणीनं सवयीनं मान खाली घातली.

मूठ हवेत राहिली. बराच वेळ राहिली. मग सत्यभामाबाईंनी ती बरणीवर नेऊन उघडली. मीठ सरसरत परत आत पडलं. त्यांनी बरणी सुनेकडे सरकवली.

"तू टाक. अन् चाखून पाह्य."

"आत्याबाई?" रुख्मिणी इकडेतिकडे बघू लागली. "ताट वाढायच्या आधी?"

"हो. वरती माही सासू विचारन तं मी पाहून घेईन."

रुख्मिणीनं चिमूट टाकली. पळीनं चार थेंब तळहातावर घेतले, पाठ फिरवली, चाखले. पुन्हा चिमूट टाकली. तिचा कान लाल झाला होता.

"सांग."

"अजून जरासंच, आत्याबाई. एवढंच." तिनं दोन बोटं जुळवून दाखवली. अकरा वर्षांत सासूसमोर तिनं काढलेलं ते पहिलं माप होतं. सत्यभामाबाईंनी त्या दोन बोटांकडे पाहिलं, मग आपल्या मुठीकडे. मूठ पदराखाली गेली.

"मंग टाक. अन् पळी तुह्याचपाशी ठेव."

पंगत बसली. रस्सा वाढला गेला. नारायणरावांनी पहिला घास घेतला आणि दुसरा घ्यायचा राहून गेला. त्यांनी वर पाहिलं, दाराआड आई दिसली, तशी त्यांनी घाईनं मान ताटात घातली. त्यानंतर ती नळी संपेपर्यंत वर आली नाही. त्यांनी चौथ्यांदा वाढून घेतलं.

सत्यभामाबाईंचं लक्ष मुलाकडे नव्हतं, व्याह्यांच्या ताटाकडेही नव्हतं. त्या भगवंतरावांच्या उजव्या हाताशी ठेवलेल्या तांब्याकडे पाहत होत्या. पहिली भाकरी गेली. दुसरी गेली. भगवंतरावांचा हात एकदा तांब्याकडे गेला, त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि तांबा खाली ठेवला. तिसरी भाकरी त्यांनी रश्श्यात कुस्करली. शेवटी बोटानं वाटी निपटली.

हात धुताना ते सत्यभामाबाईंपाशी थांबले. त्यांचा चेहरा कधीच फार काही सांगत नसे.

"बरं होतं," ते म्हणाले.

"हो," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सुनेच्या हातचं हाय."

पंगत उठली. खरकटी काढायला बायका पुढे झाल्या, तेव्हा सत्यभामाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि भगवंतरावांचा तांबा स्वतः उचलला. जड होता. एक थेंबही सांडू न देता त्यांनी तो अंगणात नेला आणि उष्टं म्हणून न थबकता सगळं पाणी तुळशीला घातलं.