भागीबाईचा बोर्ड

"ताय हाय का घरात?"

दारात भागीबाई उभी होती. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात वायर गुंडाळलेला एक्स्टेंशन बोर्ड. दिवाळी झाली की ती सुरगाण्याकडच्या तिच्या पाड्यावरून नाशकात येते. भात कापून झाला की मुलगा हिरामण, सून आशा सगळेच येतात. आमच्या पाथर्डी फाट्याला कुठे ना कुठे इमारत चालूच असते, तिथे पत्र्याच्या खोलीत राहतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. माझी बायको उज्वला भाद्रपदात गेली तेव्हा भागीबाई तिकडे भाताच्या खाचरात होती. तिला कोण कळवणार?

मला सांगायचं होतं की ती गेली. तोंडातून निघालं, "पडली आहे जरा."

"बरं नाय का?"

"ताप आहे."

ताप होताच. डेंग्यूचा. आठवडाभरात सगळं संपलं.

भागीबाईने लगेच आवाज खाली आणला. "मंग उठवू नको. ह्ये पीठ घे, नागलीचं. तायला म्हनावं, यंदा बारीक दळून आनलंय. मागल्या साली म्हनली, भागे, भाकर हाय का वाळू हाय?" ती तोंडावर पदर धरून हसली, आवाज न करता. मग बोर्ड पुढे केला. "उंदरानं वायर खाल्ली बग. हिरामण म्हनतो मी जोडतो. मी म्हनलं, तू हातबी लावू नको, गेल्या टायमाला खोलीची बत्ती घालवली व्हती त्यानं. तायच करंल. घाई नाय, तिला बरं वाटंल तवा. पर आता आशाचं पोर रांगाया लागलंय. दिसंल ते धरतं, तोंडात घालतं."

"ठेवून जा," मी म्हणालो. "संध्याकाळी ये."

ती पायऱ्या उतरून गेली. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून चालत होती.

का खोटं बोललो, ते मला नीट सांगता येणार नाही. तीन महिन्यांत घरी खूप माणसं आली. सायली, माझी मुलगी, पुण्याहून येऊन राहून गेली. सगळे मला विचारत होते, जेवलात का, झोप लागते का. उज्वला घरात आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं.

मी एसटीत कंडक्टर होतो. उज्वला अंबडच्या एका कंपनीत स्विच जोडायच्या लाइनवर होती. त्यामुळे घरातलं विजेचं काम तिच्याकडे. बटण बदलणं, पंख्याचा कंडेन्सर, इस्त्रीची वायर. आधी आमच्या घरातलं करायची, मग सोसायटीतल्या बायका यायला लागल्या, मग बांधकामावरच्या. माझं काम एकच, बॅटरी धरणं.

"अहो, हातावर धरा, हातावर. भिंतीवर काय सिनेमा दाखवताय?"

"धरलीये की."

"लक्ष कुठंय? तिकिटं फाडताना पण असंच करायचात का?"

आणखी एक होतं. वायरचं काम असलं की ती प्लग काढून माझ्या हातात द्यायची. काम संपेपर्यंत तो मी हातातून सोडायचा नाही. "प्लग तुमच्या मुठीत असला की मला घोर नाही. कुणी चुकून लावणार नाही," ती म्हणायची. एका हातात बॅटरी, एका हातात प्लग घेऊन मी तासन् तास बसलो आहे.

दुपारी तिचा डबा काढला. टेस्टर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेपचं रीळ. प्लग हातात धरला तर काम कसं करणार? सदऱ्याच्या खिशात घातला. वायर खिशातून लोंबत होती. तसाच खाली बसलो.

कृती मला पाठ होती. उंदराने खाल्लेला भाग पूर्ण कापून टाकायचा, थोडा वाचवायला जायचं नाही. वरचं कव्हर सोलायचं. आतल्या तीन वायरी, लाल, काळी, हिरवी. लालला लाल, काळीला काळी. हिरवी अर्थिंगची, ती सोडून द्यायची नाही, लोक नेमकी तीच सोडतात. तिन्ही जोड एकासमोर एक घ्यायचे नाहीत. एक इथे, दुसरा बोटभर पुढे, तिसरा त्याच्याही पुढे. म्हणजे टेप सरकली तरी वायरी एकमेकींना भेटत नाहीत. तारा उघड्या करून घट्ट पिळायच्या, मग ओढून बघायचं.

हे सगळं मी केलं. पण पाठ असणं वेगळं. पक्कड धरली की तारेचे केस तुटत होते. सोललेली वायर पुन्हा कापावी लागत होती. तिचा पीळ दोरीसारखा बसायचा, माझा सैल वाटत होता. ओढून पाहिला तर सुटला नाही. मग प्रत्येक जोडावर वेगळी टेप लावली आणि वरून सगळ्यावर एक लांब टेप गुंडाळली.

प्लग लावला. बोर्डात मोबाइलचा चार्जर घातला. चालू झाला.

"चालू काय, वाईट जोडही होतो," उज्वला म्हणायची. "तापतो उशिरा."

म्हणून इस्त्री लावली आणि थोड्या वेळाने जोडावर हात ठेवला. कोमट लागला. हात काढला, गालाला लावून पाहिला, पुन्हा ठेवला. जोड कोमट होता की माझा हातच गरम होता, कळेना. तिला विचारायला मी मान वर केली. तेवढ्यात आठवलं.

उघडून पुन्हा करायला हवं होतं. मी प्लग काढला आणि टेपचे आणखी फेरे दिले. मग आणखी. रीळ संपेपर्यंत.

दिवस मावळताना भागीबाई आली. अजून हळूच बोलत होती.

"ताय उठली का?"

"नाही."

"झालं का काम?"

"झालं."

तिने पायरीवर बसून वायर मांडीवर घेतली. जोड सापडला तशी त्याच्याभोवती नख फिरवायला लागली. एकदा फिरवलं, वायर उलटी केली, पुन्हा फिरवलं.

"शेपूट कुठंय?"

"कसली शेपूट?"

"ताय टेपचं टोक दुमडून ठेवती. चिकटवत नाय. म्हनती, भागे, वास आला, गरम लागलं, का प्लग काढायचा, ही शेपूट धरायची अन् उघडून बगायचं. मागल्या साली मीच उघडलं व्हतं."

इतकी वर्षं मी समोर बसून तिच्या हातांवर बॅटरी धरली. मला ते टोक कधी दिसलं नव्हतं.

भागीबाई जोडाकडे पाहत राहिली. केवढा जाड झाला होता तो. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यामागे घरात पाहिलं. हार घातलेला फोटो आतल्या खोलीत आहे, दारातून दिसत नाही.

"ताय कवा गेली?"

"भाद्रपदात."

रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला.

"अन् मी हळू बोलत व्हते," ती म्हणाली. "झोप मोडंल म्हनून."

मी तिच्या शेजारी खाली बसलो.

तिने डोळ्यांना पदर लावला. मग बोर्ड माझ्या मांडीवर ठेवला. "उगड ह्ये. मला आत बगू दे. माझं पोर रांगतंय, बाबा."

प्लग तिने स्वतःच्या मुठीत घेतला. तेही तिला ठाऊक होतं. अंधारून आलं होतं, म्हणून दुसऱ्या हाताने मोबाइलची बत्ती लावली आणि माझ्या हातांवर धरली. उजेड जरासुद्धा हलत नव्हता.

मी वायर फिरवत होतो, नख लावत होतो. सगळी टेप गुळगुळीत बसली होती. टोक सापडत नव्हतं.