दुसऱ्याची भाकर डोक्यावर

भित्र्या माणसानं डोंगराच्या वाटेला जाऊ नये, असं माझे सासरे म्हणतात, आणि त्यांचं बहुतेक वेळा खरं ठरतं याचाच मला राग येतो. ओतूरला आमचं भांड्यांचं दुकान. तिथं माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. पण डिंभ्याच्या वरच्या त्या तिरक्या कातळावर मी पोटावर पालथी पडले होते. धरायला खाच नाही, टेकायला पायरी नाही, नुसता उतरता मोकळा दगड. गेल्या हिवाळ्यात इथंच घसरून मी दोन्ही गुडघे सोलून घेतले होते.

कमरेला दोर होता आणि वर आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा सूरज तो धरून बसला होता. पडले तरी मरणार नाही, हे डोक्याला कळत होतं. पायांना कोण सांगणार? ते जागचे हलायला तयार नव्हते.

"मम्मी, नसेल जमत तर परत जाऊ," वरून सिद्धी म्हणाली.

तेच तर नको होतं. मी परतले की सोबत कुणीतरी उतरायचं, आणि ते माझ्या लेकीनंच. गेल्या वर्षी माझ्यामुळे तिचं शिखर हुकलं. त्यावर पोरगी एक शब्द बोलली नव्हती.

तेवढ्यात खालून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला निघाल्यासारखी आली, तीही अनवाणी.

"पालीवानी काय चिकटलाय ताई? आडवं झालं की पाय सुटत्यात. उभं ऱ्हावा."

"नाही जमत हो."

तिनं दंडाला धरून मला बसतं केलं, माझ्या हेल्मेटवर कापडाची चुंबळ ठेवली आणि वर टोपली. "आमचं मालक वर गवत कापत्यात. त्यांची भाकर हाय. कालवण लई पातळ झालंय, सांडू नका."

असली दांडगाई मी दुकानात खपवून घेतली नसती. पण डोक्यावर दुसऱ्याचं जेवण असताना भांडणार कशी? एका हातानं टोपली धरून मी उठले. वाकले तर कालवण सांडणार, म्हणून मान ताठ आणि कंबर सरळ. सगळा भार तळपायांवर आला आणि बूट खरखरीत दगडावर घट्ट बसले. एक पाऊल, मग दुसरं. बाई मागून म्हणत होती, "चला, बिगी बिगी. त्यांना भूक लागली आसंल."

कातळ संपला तेव्हा मला कळलंच नाही. टोपली उतरवून घेऊन ती बाई नवऱ्याला हाका मारत गेलीसुद्धा.

इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. हसतच मी सिद्धीकडे वळले. तिनं सॅक पाठीला लावली होती, उतरायचा दोर कमरेला अडकवला होता. माझ्यासोबत खाली जायची सगळी तयारी करून ती उभी होती.

"आता सोड तो," मी म्हणाले.

तिनं दोर सोडला आणि माझ्या गळ्यात पडून रडली.